पोरींची पारख

गेल्या उन्हाळ्याच्या तोंडाशी माझी धाकटी जाऊ देवळीहून एस.टी.ने आली. बरोबर तिची अकरा वर्षांची मुलगी. एरवी जाऊबाई आल्या की पिशवीतून आधी तुरीची डाळ निघते, मग ज्वारीचे पीठ, मग मिरच्या. या वेळी आधी निघाला तो चार घड्या घातलेला एक कागद.

"ताई, हा पाहा बरं. पोट्टीनं शाळेतून आणला. सही करू का नको, तुम्हीच सांगा."

कागद होता सरकारच्या क्रीडा प्रबोधिनीच्या निवड चाचणीचा. खेळ, हॉकी. निवड झाली तर पोरीने घर सोडून राहायचे. राहणे, जेवण, शाळा, खेळ सगळे तिथेच. हॉकीसाठी म्हणजे पुणे. वर्ध्याहून रात्रभराचा रेल्वेप्रवास.

मैत्रिणींनो, सही करायला दोन सेकंद लागतात. पण त्या कागदाने मला चार रात्री नीट झोप येऊ दिली नाही. का ते सांगते.

आमच्या घरी हॉकीचे वेड मला आहे हे सगळ्या नातेवाइकांना ठाऊक आहे. शाळेत असताना मी खो-खो खेळत असे, हॉकीची काठी आयुष्यात कधी धरली नाही. पण हॉकीचा सामना लागला की माझी भाजी हमखास करपते. त्यामुळे "मोठ्या जाऊबाईंना त्यातले समजते" असा माझा लौकिक. खरे म्हणजे मला काय समजते, याचा पुरता निकाल २०२४ सालच्या ऑक्टोबरातच लागला होता.

तुम्हाला आठवत असेल, त्या वर्षी दिल्लीला हॉकी लीगचा लिलाव झाला. ही लीग २०१३ साली सुरू झाली, २०१७ नंतर बंद पडली आणि २०२४ मध्ये पुन्हा उभी राहिली. पण या खेपेला एक गोष्ट नवी होती. पहिल्यांदाच मुलींची वेगळी लीग आणि मुलींचा वेगळा लिलाव. लिलाव हा शब्द ऐकून आमच्या सासूबाईंनी कानावर हात ठेवले. "बाप्पा, पोरींचा लिलाव करतात?" त्यांना समजावून सांगता सांगता माझ्या नाकी नऊ आले. पोरी विकत नाहीत हो, त्यांच्या खेळाची किंमत ठरते आणि तो पैसा पोरींच्याच हातात पडतो, असे सांगितले तेव्हा त्या म्हणाल्या, "मग ठीक आहे. हुंड्याच्या उलटंच झालं म्हणायचं."

मुलींचा लिलाव १५ ऑक्टोबरला होता. दसरा होऊन तीन दिवस झाले होते, दुसऱ्या दिवशी कोजागिरी. माझी लेक सव्वीस वर्षांची, चंद्रपूरला बँकेत आहे. दसऱ्याला आली होती, ती रजा वाढवून राहिली. आम्ही मायलेकी मोबाईल पाण्याच्या तांब्याला टेकवून बसलो. समोर वही आणि पेन्सिल. कोण किती लाखांना जाईल ते आधी आपापल्या रकान्यात लिहायचे, मग खरा आकडा. जिची चूक जास्त तिने कोजागिरीचे दूध आटवायचे, असे ठरले.

माझा हिशोब सरळ होता. गोल करणारी ती महाग. नवरा मिळवता की त्याचा मान मोठा, तसेच ना? म्हणून मी पुढे खेळणाऱ्या पोरींच्या नावांपुढे मोठमोठे आकडे टाकले आणि मागे राहून बचाव करणाऱ्या पोरींना पाच-पाच, दहा-दहा लाखांवर भागवले. लेकीने उदिता दुहान या हरयाणाच्या पोरीपुढे मोठा आकडा लिहिला. मी हसले. "अगं, ती बचावाची खेळाडू. तिला कोण देतो एवढे?"

उदिता ३२ लाखांना गेली. त्या दिवसाची सगळ्यांत महाग खेळाडू तीच. तिच्या खालोखाल नेदरलँड्सची यिबी यान्सेन, २९ लाख. ही पेनल्टी कॉर्नरवर फटका मारण्यात तरबेज. लालरेमसियामी २५ लाख. ही मात्र पुढे खेळणारी, तेवढीच माझी लाज राखायला.

"आई, गोल कोण करते ते सगळ्यांनाच दिसते," लेक म्हणाली. "गोल कुणी होऊ दिला नाही ते पाहायला डोळे लागतात."

घरातल्या बाईला हे वाक्य ऐकवावे, तेही तिच्याच लेकीने! दूध अर्थातच मी आटवले.

पण खरी गोष्ट त्यानंतरची. दुसऱ्या रात्री गच्चीवर दूध चंद्राला दाखवून झाले, वेलचीचा वास सुटला होता. लेक कप हातात घेऊन सहज म्हणाली, "आई, माझ्यावर किती बोली लावली असतीस गं?"

ती हसत विचारत होती. मला मात्र दुधाचा घोट गिळवेना.

आता मागचे सांगते. २०१० साल. माझी लेक बारा वर्षांची होती आणि मुलगा अकरा. दोघे पाठोपाठची. त्यांच्या शाळेत नवे आलेले एक सर मुलांना हॉकी शिकवू लागले. वीस पोरांत सहा काठ्या, मैदान मुरमाचे, त्यामुळे चेंडू कुठेही उसळायचा. दोघेही सकाळी जायची. म्हणजे असे, की लेक पाच वाजता आपली आपण उठायची, तोंड धुऊन, वेणी घालून भावाला हलवायची. तो "पाच मिनिटं" करत कुशीवर वळायचा. मी चुलीशी, म्हणजे गॅसपाशीच, उभी असायची आणि हे रोज पाहायची. रोज.

मैदानावरही मी दोन-चारदा गेले होते. मुलगा उंच, दिसायला दणकट, जोरात पळायचा. चेंडू जिथे असेल तिथे तो धावायचा. लेक लहानखुरी. तिच्याकडे कुणाचे लक्ष जायचे नाही. पण एक गोष्ट मला त्या वेळीही दिसली होती. ती चेंडूमागे पळत नसे. चेंडू जिथे येणार असे तिथे आधीच जाऊन उभी असे. मला त्याचे नाव ठाऊक नव्हते. बाजारात ती माझ्याबरोबर आली की भाजीवाल्याने कोणती टोपली पुढे ओढली ते माझ्याआधी तिला कळायचे, तशातलेच काहीतरी, एवढेच मनात आले.

त्या उन्हाळ्यात नागपूरला महिन्याभराचे शिबिर होते. राहण्याजेवणाचे पैसे भरायचे. दोघांचे भरणे शक्य नव्हते. यांचा पगार बेताचा, त्यात सासऱ्यांचे डोळ्यांचे ऑपरेशन झालेले. रविवारी घरात बैठक बसली. सर म्हणाले होते, दोघांपैकी कुणालाही पाठवा. सासरे म्हणाले, "पोट्ट्याची उंची पाहा. तो पुढे जाईल." सासूबाई म्हणाल्या, "पोरीची जात, महिनाभर परक्या गावी कशाला?" यांनी माझ्याकडे पाहिले. मी स्वयंपाकघराच्या दारात उभी होते. मला पाच वाजताची वेणी ठाऊक होती, चेंडूच्या आधी जाऊन उभे राहणे ठाऊक होते. त्या घरात हे एकट्या मला ठाऊक होते.

आणि मी म्हणाले, "तुम्ही म्हणाल तसं."

मुलगा गेला. लेकीने त्याच्या पिशवीत आपली चांगली काठी ठेवली. मुठीला तिने स्वतः टेप गुंडाळलेली ती काठी. रडली नाही, रुसली नाही. त्या वर्षापासून सकाळी पाचला उठणे मात्र बंद झाले. मुलगा दोन वर्षे खेळला, मग त्याने आपणच सोडले. त्याला ते आवडतच नव्हते, बिचाऱ्याचा त्यात दोष नाही. आज तो पुण्याला संगणकाच्या नोकरीत आहे, सुखी आहे. लेकही सुखी आहे. कुणाचे वाटोळे झाले असे नाही. ती मोठी खेळाडू झालीच असती, असेही मी म्हणणार नाही, ते कुणालाच सांगता येणार नाही. पण तिच्यावर बोली लावायची वेळ आली होती आणि मी हात वर केला नाही, एवढे खरे.

कोजागिरीच्या रात्री मी तिला हे सांगितले. ती थोडा वेळ गप्प बसली. मग म्हणाली, "तुला दिसत होतं, हे मला माहीत नव्हतं. मला वाटायचं कुणालाच दिसत नाही." पुढे या विषयावर आम्ही बोललो नाही.

आता कळले ना, जाऊबाईंचा कागद हातात आल्यावर माझी झोप का उडाली ते?

दुसऱ्या दिवशी मी मुलाला पुण्याला फोन लावला. त्याला परदेशातल्या खेळांची फार माहिती. त्याने मला एक वेगळीच गोष्ट सांगितली. अमेरिका-कॅनडात बर्फावर हॉकी खेळतात. तिथे दरवर्षी अठराच्या आसपासच्या पोरांची निवड होते. पैशांची बोली नसते. संघांनी पाळीपाळीने एकेक पोरगा उचलायचा, आणि आदल्या वर्षी जो संघ खाली राहिला त्याला आधी संधी. लग्नाच्या पंगतीत मागे राहिलेल्याला आधी वाढावे तसे. या कामासाठी प्रत्येक संघाची माणसे वर्षभर गावोगाव हिंडून पोरांचे खेळ पाहतात. तोच त्यांचा धंदा.

मी म्हटले, मग त्यांचे चुकत नसेल.

"चुकत नाही कसं?" तो म्हणाला. १९९३ साली ओटावाच्या संघाने सगळ्यांत पहिला पोरगा उचलला, अलेक्झांडर डेग्ल. त्याच्यावर मोठमोठे पैसे लावले. त्याच्याकडून जी अपेक्षा होती ती कधीच पुरी झाली नाही. उलट १९९८ साली डेट्रॉइटच्या संघाने पावेल दात्स्युक नावाचा रशियन पोरगा घेतला तो १७१ व्या क्रमांकावर. अंगाने किरकोळ. आधीच्या दोन वर्षांत त्याच्याकडे कुणी वळूनही पाहिले नव्हते. डेट्रॉइटचा माणूस गेला होता दुसऱ्याच कुणाला पाहायला, आणि नजरेत भरला हा. पुढे त्याच संघाने त्याच्याबरोबर २००२ आणि २००८ असे दोनदा सर्वांत मोठे अजिंक्यपद मिळवले.

दूरचे कशाला, आपल्या मुंबईतलेच पाहा. धारावीची सिमरन शेख क्रिकेट खेळते. वडील वायरमन. २०२३ साली मुलींच्या पहिल्या लीगमध्ये तिला १० लाखांना घेतले. पुढच्या वर्षी तिला कुणीच घेतले नाही. आणि डिसेंबर २०२४ च्या लिलावात गुजरातच्या संघाने त्याच सिमरनसाठी १ कोटी ९० लाख मोजले. मुलगी तीच, धारावी तीच. पाहणाऱ्यांचे मत तेवढे बदलले.

तर ज्यांचा हा रोजचा धंदा आहे त्यांची ही तऱ्हा. मग अकरा वर्षांच्या पोरीबद्दल तुम्ही-आम्ही एका रविवारी बैठकीत बसून कायमचा निकाल द्यावा हे कितपत बरोबर?

जाऊबाईंची मुख्य अडचण वेगळीच होती. "ताई, वर्गातल्या पोरींपेक्षा हे ठेंगणी दिसते. मैदानावर उभी केली तर लोक हसतील." चाचणीत काय पाहतात ते मी विचारून घेतले. उंची, वजन, ३० मीटर धावणे, ८०० मीटर धावणे, मागेपुढे पळत दहा-दहा मीटरच्या खेपा, जागेवरून उंच उडी, मेडिसिन बॉल फेकणे अशा गोष्टी. सगळे मोजून, घड्याळ लावून. त्यात वावगे काही नाही. हजारो पोरांतून निवडायचे तर फूटपट्टी लागतेच. पण फूटपट्टी आजचे मोजते, उद्याचे नाही, हे आपण आयांनी लक्षात ठेवावे.

यावर कॅनडातली एक गोष्ट सांगण्यासारखी आहे. १९८० च्या दशकात रॉजर बार्न्सली नावाचे एक मानसशास्त्रज्ञ बायकोमुलांना घेऊन लेथब्रिज गावी बर्फावरची हॉकी पाहायला गेले. खेळ चालू असताना त्यांची पत्नी पॉला कार्यक्रमपत्रिका चाळत बसली होती. तिच्या ध्यानात आले, की या खेळाडूंच्या जन्मतारखा पाहाव्या तर जानेवारी, फेब्रुवारी आणि मार्चच फार! पुढे बार्न्सलींनी नीट अभ्यास केला आणि ते खरेच निघाले. कारण साधे. तिथे पोरांचा वयोगट १ जानेवारीपासून मोजत. एकाच गटात जानेवारीत जन्मलेला आणि डिसेंबरात जन्मलेला. नऊ-दहा वर्षांच्या वयात अकरा महिन्यांचा फरक म्हणजे उंचीत, ताकदीत केवढा तरी फरक. जानेवारीचा पोरगा मोठा दिसतो म्हणून निवडला जातो. निवडला म्हणून त्याला चांगले मैदान, चांगले शिक्षक मिळतात, आणि मग तो खरोखरच चांगला होतो. डिसेंबरचा पोरगा घरी.

मला गंमत वाटली ती ही, की एवढी मोठी गोष्ट आधी दिसली ती कार्यक्रमपत्रिका चाळणाऱ्या बाईला.

आपल्याकडे तर जन्मतारखेचा आनंदच. आमच्या सासऱ्यांच्या पिढीत निम्म्या गावाचा वाढदिवस १ जून, कारण शाळेत घालताना गुरुजींनी तीच तारीख लिहिली. आता तसे चालत नाही, जन्माचा दाखला लागतो. आमची पुतणी कधीची? मार्गशीर्षातल्या गुरुवारची. म्हणजे डिसेंबर! जाऊबाईंना मी बोटांवर मोजून दाखवले, की तिच्या गटातल्या काही पोरी तिच्यापेक्षा दहा-अकरा महिन्यांनी मोठ्या असणार. शिवाय मुलींची उंची झपाट्याने वाढायचे वय साधारण अकरा-बाराच्या सुमाराचे, पण कुणाची आधी वाढते, कुणाची उशिरा. शेजारची वाढली म्हणून आपली खुंटली असे नव्हे.

आणि डिसेंबरचेच म्हणाल तर राणी रामपालचा जन्म ४ डिसेंबर १९९४ चा.

राणीची गोष्ट प्रत्येक आईने ऐकावी. हरयाणातल्या शाहाबाद मारकंडा गावची. वडील गाडी ओढत, आई लोकांच्या घरी काम करी. घरात घड्याळ नव्हते. पहाटेच्या सरावाला पोरीला वेळेवर उठवता यावे म्हणून आई जागी राहून आभाळाकडे पाही आणि उजाडायचा अंदाज घेई. पहिल्यांदा राणी शिकायला गेली तेव्हा प्रशिक्षकांनी तिला नाही म्हटले. अंगात ताकद नाही, पोषण नाही, एक सराव तरी झेपेल का, असे त्यांचे मत. ती मोडकी काठी घेऊन, सलवार-कमीज घालूनच सराव करत राहिली आणि शेवटी त्यांना घ्यावे लागले. तिथे नियम होता की प्रत्येकीने रोज अर्धा लिटर दूध आणून प्यायचे. घरच्यांना परवडे पावशेरभर. राणी त्यात पाणी घालून अर्धा लिटर करी आणि पिऊन टाकी. हे तिनेच पुढे सांगितले.

हीच मुलगी २०१० च्या विश्वचषकात पंधराव्या वर्षी भारताकडून खेळली आणि त्या स्पर्धेतली सर्वोत्कृष्ट तरुण खेळाडू ठरली. २०२१ साली टोकियो ऑलिंपिकमध्ये चौथ्या आलेल्या आपल्या संघाची ती कर्णधार होती. २०२४ मध्ये ती निवृत्त झाली आणि मुलींच्या लीगमध्ये सूरमा संघाची मार्गदर्शक झाली. जिला एकदा नाही म्हटले होते तीच आता दुसऱ्या पोरींची पारख करते.

२०१० साल म्हणजे आमच्या घरच्या बैठकीचेच साल. शिबिर उन्हाळ्यात झाले, विश्वचषक पावसाळ्याच्या शेवटी. राणीच्या आईला आभाळ वाचता येत होते. माझ्या घरी तर भिंतीवर घड्याळ होते, आणि पोर न उठवता उठत होती.

दुधावरून एक कामाचे सांगते. मुलगी ८०० मीटर पळताना लवकर थकली, की आपण लगेच म्हणतो, "हिच्यात दम नाही." तसे म्हणण्याआधी जवळच्या आरोग्य केंद्रात रक्त तपासून घ्या. २०१९ ते २०२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत १५ ते १९ वयाच्या शंभरातल्या ५९ मुलींना रक्तक्षय निघाला होता. बारा वर्षांपुढच्या मुलीचे हिमोग्लोबिन १२ च्या खाली असेल तर दोष खेळाचा नाही, रक्ताचा आहे, आणि तो औषधाने नि खाण्याने सुधारतो. गोळ्या डॉक्टरांना विचारूनच द्या. घरात करण्यासारखे म्हणजे पालेभाजी, मोड आलेली मटकी लोखंडी कढईत करावी, वर लिंबू पिळावे, म्हणजे त्यातले लोह अंगी लागते. जेवणावर लगेच चहा देऊ नये. आमच्या वर्ध्याच्या पोरांना गोरसपाक फार आवडतो. तो जरूर द्यावा, पण भाकरी-वरणाच्या जागी नव्हे, नंतर.

पुण्याला एवढ्या लांब पाठवून काय होणार, असेही जाऊबाईंनी विचारले. मी त्यांना सातारा जिल्ह्यातल्या आसू गावच्या वैष्णवी फाळकेचे नाव सांगितले. फलटण तालुक्यातली ही शेतकऱ्याची मुलगी पुण्याच्या क्रीडा प्रबोधिनीतच शिकली, आणि २०२३ साली हांगचौच्या आशियाई खेळांत ब्राँझ पदक मिळवणाऱ्या भारताच्या संघात होती. त्याच तालुक्यातली वाखरीची अक्षता ढेकळेही तिथलीच. म्हणजे वाट आहे. आपल्या पोरीला ती जमेलच असे नाही, पण वाट आहे.

रविवारी आम्ही सगळे देवळीला गेलो. देवळी पैलवानांचे गाव, तिथे खेळ म्हटले की बाप्यांना आधी आखाडा दिसतो. भावजींचे मत तयार होते. "पोरगी लहान आहे, ठेंगणी आहे, तिकडे एकटी राहायची नाही. पुढे पाहू." सासूबाई पूर्वीसारखेच म्हणाल्या, "पोरीची जात." वाक्य तेच, पंधरा वर्षांनी. यांनी माझ्याकडे पाहिले. मी पुन्हा स्वयंपाकघराच्या दारातच उभी होते, हातात पोळ्यांचा डबा.

डबा मी खाली ठेवला आणि आत येऊन खुर्चीवर बसले. छाती धडधडत होती. एवढ्या वर्षांची संसारी बाई मी, पण बैठकीत खुर्चीवर बसून बोलायची सवय नाही.

मी म्हटले, "उंचीचं चाचणीवाले पाहतील, ते त्यांचं काम. मी जे पाहिलं ते सांगते." मग मी जाऊबाईंना विचारले, "ही सकाळी कशी उठते?" त्या म्हणाल्या, "आपली आपण. मला उठवते." "हरून आली की काय करते?" "थोडा वेळ बोलत नाही. मग अंगणात भिंतीवर चेंडू मारत बसते." "कुणी बोललं तर?" "ऐकून घेते, पण दुसऱ्या दिवशी जातेच." मी म्हटले, "हे फूटपट्टीने मोजता येत नाही. हे आईलाच दिसतं. आणि आईनं सांगितलं नाही तर ते कुणालाच कळत नाही."

मग मी सासूबाईंकडे वळले. त्यांना दुखवायचे नव्हते, म्हणून हळूच म्हणाले, "दहा सालच्या बैठकीत मी बोलले नाही. तो दोष माझा होता, तुमचा नव्हे. पुन्हा तो करायचा नाही."

सासूबाई बराच वेळ काही बोलल्या नाहीत. मग नातीला जवळ ओढून म्हणाल्या, "तुले जायचं आहे का, ते तर कोणी विचारलंच नाही." पोर म्हणाली, "हो." एवढेच. भावजींनी सही केली. मात्र अट घातली, की निवड झाली तर आधी आपण जाऊन राहायची जागा पाहायची, तिथल्या बाईंशी बोलायचे, मगच पाठवायचे. अट चांगली होती. मुलीला बाहेर पाठवताना तुम्हीही ती घाला. तिथे मुलींसाठी बाई आहेत का, आजारी पडली तर कोण पाहते, घरी फोन किती वेळा करता येतो, हे विचारायला संकोच करू नये.

तुम्हाला वाटेल, आता मी सांगणार की पोरीची निवड झाली. नाही झाली. तालुक्याला ती पुढे गेली, जिल्ह्यालाही गेली, त्यापुढच्या यादीत नाव आले नाही. ८०० मीटरला मागे पडली. जाऊबाईंनी मला फोन केला तेव्हा त्यांचा आवाज रडवेला होता. "ताई, उगाच पोरीला आशा लावली का आपण?"

चार दिवसांनी मी देवळीला गेले. अंगणाच्या भिंतीवर चेंडूचे ठोके पडत होते. पोरीच्या पायात नवे बूट होते, माझ्या लेकीने चंद्रपूरहून पाठवलेले, एक माप मोठे. पुढच्या वर्षापर्यंत पाय वाढेल म्हणून. पुढे बोटांशी कापूस भरलेला.

मला पाहून पोर थांबली. "मोठीआई," ती म्हणाली, "पुढच्या वर्षीचा फॉर्म कोण भरून देईल?"

"मीच," मी म्हटले, आणि पाणी प्यायला आत गेले.